वेगवान रॅमसाठी जादा पैसे मोजावेत का? खरेदीआधीच्या तपासण्या, क्रमाने

'बत्तीसशेची रॅम काढा, छत्तीसशेची टाका, मशीन पळेल' असं कुणीतरी सांगतं, आपण पैसे मोजतो आणि घरी आल्यावर मशीन होतं तसंच चालतं. रॅममध्ये दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी वेग विकत घेतला जातो आणि मग कळतं की मदरबोर्ड तो वेग देतच नाही, किंवा आपल्या कामाला तो लागत नाही, किंवा जुनीच रॅम आजवर निम्म्याशिम्म्या वेगाने चालत होती. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या आहेत, त्यामुळे ही चूक आता चांगलीच महाग पडते.

खालचे पहिले सात टप्पे पूर्ण फुकट आहेत. एका मोकळ्या संध्याकाळी ते होतात. निम्म्याहून जास्त वाचकांना आठव्या टप्प्यापर्यंत यायची गरजच पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

## टप्पा १: 'मशीन स्लो आहे' हे वाक्य बाजूला ठेवा

कागदावर तीन कामं लिहा, ज्यांच्यासाठी तुम्ही रोज खरोखर थांबता. 'फोटोशॉपमध्ये अल्बमचं पान सेव्ह होणं', 'प्रोजेक्ट बिल्ड होणं', 'अमुक गेममध्ये शहरात शिरल्यावर अडखळणं' इतकं नेमकं. प्रत्येकासमोर मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजलेला वेळ लिहा. हा कागद शेवटपर्यंत लागणार आहे.

मेमरीचा वेग कोणत्या कामांना जाणवतो? सर्वांत जास्त जाणवतो तो वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, सगळं साध्या रॅममधूनच ओढतं. त्यानंतर येतात प्रोसेसरवर अडणारे गेम, मोठ्या फाइल झिप करणं, मोठे डेटासेट चाळणं. घरच्या मशीनवर ग्राफिक्स कार्डाशिवाय भाषा-मॉडेल चालवणाऱ्यांना तर उत्तराचा वेग जवळपास थेट रॅमच्या बँडविड्थवरच (सेकंदाला किती डेटा ये-जा करतो त्यावरच) मिळतो.

टॅली, वर्ड, ब्राउझर, व्हिडिओ बघणं, ऑनलाइन मीटिंग यांना मात्र वेगवान रॅमचा काडीचाही उपयोग नाही. तिन्ही कामं या गटातली असतील तर थेट टप्पा ४ वर जा आणि तिथेच थांबा.

## टप्पा २: आत नेमकं काय बसलंय ते बघा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. तिथून चार गोष्टी कागदावर उतरवा: एकूण किती जीबी, स्पीड, किती स्लॉट वापरात आहेत, आणि फॉर्म फॅक्टर. फॉर्म फॅक्टरसमोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, ती बदलता येत नाही.

मग सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवून त्यातला मेमरीचा टॅब बघा. इथे दोन ठिकाणी लोक हमखास गोंधळतात.

पहिला गोंधळ वेगाचा. सीपीयू-झेड १६०० मेगाहर्ट्झ दाखवतं आणि माणूस पाकीट घेऊन दुकानदाराशी भांडायला जातो की ३२०० ची म्हणून १६०० ची दिली. फसवणूक झालेली नसते. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून १६०० च्या घड्याळावर सेकंदाला ३२०० दशलक्ष ट्रान्सफर होतात. पाकिटावर हा दुसरा आकडा छापतात.

दुसरा गोंधळ चॅनलचा, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या वाटेचा. डीडीआर५ या डीडीआर४ नंतरच्या पिढीच्या प्रत्येक स्टिकमध्ये, म्हणजे रॅमच्या पट्टीत, ३२ बिटांचे दोन उपचॅनल असतात. त्यामुळे दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही वाटांवर) नीट बसल्या असतील तर सीपीयू-झेड 'चार गुणिले ३२ बिट' दाखवतं. 'दोन गुणिले ३२' दिसलं तर एकच चॅनल चालू आहे.

तपासणी: टास्क मॅनेजरमधला स्पीड आणि स्टिकच्या लेबलवरचा आकडा जुळतो का? जुळत नसेल तर पुढचा टप्पा खास तुमच्यासाठी आहे.

## टप्पा ३: ज्याचे पैसे आधीच दिलेत तो वेग चालू करा

३२०० किंवा ६००० असं लिहिलेली रॅम बसवल्यावर आपोआप त्या वेगाने चालेलच असं नाही. डीडीआर४ ची गेमिंग किट (एकत्र विकले जाणारे स्टिकचे संच) बरेचदा २१३३, २४०० किंवा २६६६ वर सुरू होतात, डीडीआर५ ची ४८०० वर. लेबलवरचा वेग स्टिकमधल्या एका प्रोफाइलमध्ये साठवलेला असतो आणि तो बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमधून) चालू करावा लागतो. इंटेलच्या जगात त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर एक्स्पो, आणि असूसच्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी हे नावही दिसेल.

१. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा.
२. आधी आत्ताच्या सेटिंगच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा.
३. प्रोफाइल १ निवडा, एफ१० दाबून सेव्ह करा.
४. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये स्पीड बदलला का ते बघा.
५. कागदावरची तिन्ही कामं पुन्हा मोजा.

इशारा: डीडीआर५ च्या मशीनवर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मेमरीचं ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड नव्या वेगाशी मेमरी जुळवून घेत असतो. घाबरून पॉवर बंद करू नका. दहा-पंधरा मिनिटांनीही काही आलं नाही तरच मशीन बंद करा, प्लग काढा, बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून परत बसवा. सेटिंग मूळपदावर येतात.

डीडीआर४ चा मूळ व्होल्टेज १.२ असतो आणि प्रोफाइल तो सहसा १.३५ वर नेतं. रॅम त्यासाठीच विकलेली असते. प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडचा वेग मात्र कंपन्या ओव्हरक्लॉकिंगमध्येच धरतात, तेव्हा वॉरंटीच्या अटी एकदा वाचून घ्या. लॅपटॉपमध्ये हा पर्याय बहुतेक नसतोच.

याच वेळी कॅबिनेट उघडून स्लॉटही बघा. चार स्लॉटांच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बोर्डावर बहुधा ए२ आणि बी२ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. शेजारीशेजारी पहिल्या-दुसऱ्यात खुपसलेल्या स्टिक म्हणजे एका चॅनलचं मशीन. त्यावर कितीही महागडी रॅम घातली तरी निम्मी बँडविड्थ वायाच जाणार.

## टप्पा ४: वेगाच्या आधी क्षमता

एका फोटो स्टुडिओचं उदाहरण घ्या. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय ३६ इंचांचं पान, त्यात वीस-पंचवीस लेअर, शेजारी लाइटरूम उघडं, ब्राउझरमध्ये गाणी चालू. मशीनमध्ये १६ जीबी. पान हलवलं की दोन सेकंद सगळं गोठतं. यावर ३६०० ची १६ जीबी किट हा उपाय नाही. रॅम भरली की विंडोज उरलेलं एसएसडीवर उतरवतं आणि गरज पडली की परत आणतं. चांगल्या एसएसडीचा सेकंदाचा वेगही ड्युअल चॅनल रॅमच्या कित्येक पट खाली असतो, आणि प्रत्येक फेरीला लागणारा वेळ तर शेकडो पटींनी जास्त.

हे ओळखायचं कसं? स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधून उघडा, मेमरीच्या टॅबवर जा आणि नेहमीचं सर्वांत जड काम सुरू करा. खाली उजवीकडे 'हार्ड फॉल्ट्स'चा, म्हणजे रॅममध्ये नसलेलं डिस्कवरून आणण्याच्या फेऱ्यांचा, आलेख असतो. एखाद-दुसरा उंचवटा येणारच. पण मशीन गोठतं त्या प्रत्येक क्षणी आलेख छताला टेकत असेल, आणि टास्क मॅनेजरमधली वापरात असलेली मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल, तर तुम्हाला जास्त जीबी हवेत. वेग नको.

दुसरी तितकीच साधी गोष्ट: एकच स्टिक असेल तर आधी जोडी करा. ३२०० ची एक स्टिक सेकंदाला कमाल २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. वेग ३२०० वरून ३६०० केला तर वाढ साडेबारा टक्के, जोडी केली तर शंभर टक्के. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्या मुलांनी तर बाकी सगळं सोडून हे आधी करावं.

तपासणी: क्षमता पुरेशी आहे, दोन्ही चॅनल चालू आहेत, प्रोफाइल चालू आहे. तिन्ही उत्तरं 'हो' असतील तरच पुढे जा.

## टप्पा ५: तुमच्या मशीनचं छत कुठे आहे?

रॅमचा वेग तीन ठिकाणी अडतो: प्रोसेसर, मदरबोर्डाचा चिपसेट आणि स्टिकची संख्या. सगळ्यांत कमी जे असेल तेच मिळतं.

कोअर आय५ १०४०० आणि एच४१० किंवा बी४६० बोर्ड ही जोडी आपल्याकडे ऑफिसांत, क्लासेसमध्ये भरपूर आहे. तिथे रॅम २६६६ च्या वर जात नाही. ३२०० ची स्टिक घातली तरी २६६६ वरच चालेल. एच६१० बोर्डावर डीडीआर४ ३२०० च्या पुढे जात नाही, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

रायझन ५००० मालिकेत ३६०० च्या आसपासपर्यंत मेमरी आणि प्रोसेसरचा आतला दुवा एकाच तालात चालतात. त्यापुढे ताल तुटतो आणि आकडा वाढूनही काम मंदावू शकतं. रायझन ७००० मध्ये हीच सोयीची जागा ६००० ला आहे. इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून 'गिअर' आले. गिअर २ मध्ये मेमरी कंट्रोलर निम्म्या वेगाने चालतो, म्हणून गिअर २ मधली ४००० ची डीडीआर४ गिअर १ मधल्या ३६०० पेक्षा सरस ठरेलच असं नाही.

इशारा: डीडीआर५ च्या चार स्टिक लावण्याआधी दोनदा विचार करा. रायझन ७००० ची अधिकृत मर्यादा दोन स्टिकला ५२००, पण चारला फक्त ३६००. आज १६ च्या दोन घेऊन पुढे आणखी दोन टाकू, हा बेत डीडीआर४ वर बहुधा निभतो. डीडीआर५ वर तो वेगच खाऊन टाकतो. ६४ जीबी लागणार हे दिसत असेल तर ३२ च्या दोनच घ्या.

आणि डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही. पिन दोन्हींना २८८ असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर५ वर जाणं म्हणजे बोर्ड आणि बरेचदा प्रोसेसरही बदलणं. तो वेगळाच खर्च आहे, त्याचा हिशेब इथे मिसळू नका.

लॅपटॉपवाल्यांसाठी हा टप्पा बहुतेक वेळा शेवटचा. कारखान्यातून आला तोच वेग मिळणार, फार तर क्षमता वाढवता येईल.

## टप्पा ६: लेबलवरचा दुसरा आकडा

'३२०० ची रॅम' हे अर्धंच वर्णन आहे. उरलेलं अर्धं सीएल (कॅस लेटन्सी, म्हणजे मागितलेला डेटा येईपर्यंत थांबायचे घड्याळाचे ठोके) या आकड्यात असतं. पहिला डेटा हातात यायला किती नॅनोसेकंद लागतात ते काढायचं सूत्र सोपं आहे: सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा.

- ३२००, सीएल १६: १० नॅनोसेकंद
- ३२००, सीएल २२: १३.७५
- ३६००, सीएल १८: १०
- डीडीआर५ ४८००, सीएल ४०: १६.७
- डीडीआर५ ५६००, सीएल ३६: १२.९
- डीडीआर५ ६०००, सीएल ३०: १०

दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवा. ३२०० सीएल २२ म्हणजे साधी, हीटसिंक नसलेली स्टिक. ती काढून ३६०० सीएल १८ घातली तर बँडविड्थही वाढते आणि थांबण्याचा वेळही घटतो. पण ज्याच्याकडे ३२०० सीएल १६ आधीच आहे, त्याला त्याच पैशांत फक्त बँडविड्थची साडेबारा टक्के वाढ मिळते, वाट पाहणं तेवढंच राहतं. खरेदी एकच, फायदा मात्र दोघांना वेगळा. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर स्वतःची रॅम घेऊ नये.

## टप्पा ७: उलटी चाचणी

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि हाच सगळे वगळतात. वेगवान रॅमने आपलं काम किती सुधारेल हे बघायला ती विकत घ्यावी लागत नाही. आहे ती रॅम मुद्दाम हळू करा आणि काम किती बिघडतं ते बघा.

१. प्रोफाइल चालू ठेवून, पूर्ण वेगावर, कागदावरची तिन्ही कामं मोजा. पहिली फेरी सोडून द्या, कारण तेव्हा फाइल एसएसडीवरून येत असतात. पुढच्या तीन फेऱ्यांतला मधला आकडा घ्या.
२. बायोसमध्ये जाऊन प्रोफाइल बंद करा किंवा मेमरीचा वेग हाताने खाली आणा. ३२०० असेल तर २४००, ६००० असेल तर ४८००.
३. टास्क मॅनेजरमध्ये वेग खरंच उतरला याची खात्री करा.
४. तीच कामं, त्याच फाइल, तसेच मोजा. दोन्ही वेळा अँटिव्हायरसचं स्कॅन आणि विंडोज अपडेट चालू नाही हे बघा.

समजा दहा मिनिटांचं काम २४०० वर दहा मिनिटं बारा सेकंदांत झालं. बँडविड्थ २५ टक्के कापली आणि काम फक्त दोन टक्के लांबलं. वर ३६०० ला गेलात तर वाढ याच्या निम्मीच, आणि जितकं वर जावं तितका फायदा आटतो. फार तर एखादा टक्का हाती लागेल. विषय संपला, पैसे खिशात ठेवा. तेच काम अकरा मिनिटांवर गेलं असेल तर ते मेमरीवर अवलंबून आहे, पुढचा हिशेब करण्यासारखा आहे.

प्रोफाइल बंद केलं की वेगाबरोबर सीएलचं गणितही सैल होतं, म्हणजे ही चाचणी फरक थोडा फुगवूनच दाखवते. फुगवलेल्या आकड्यातही फरक दिसला नाही, तर उत्तर पक्कं समजा.

गेमसाठी सरासरी फ्रेम बघू नका. सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा आकडा बघा, अडखळणं तिथेच दिसतं. शेजारी ग्राफिक्स कार्डाचा वापर बघा. तो सतत ९७ ते ९९ टक्के असेल तर अडचण कार्डात आहे, रॅमने काही हलणार नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी सारख्या ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) असलेल्या प्रोसेसरवरही फरक कमीच दिसेल, कारण तो रॅमपर्यंत कमी वेळा जातो.

इशारा: चाचणी संपल्यावर प्रोफाइल परत चालू करा. हे विसरून महिनोन्महिने हळू मशीन वापरणारे लोक आहेत.

## टप्पा ८: आता रुपये

दोन प्रसंग वेगळे ठेवा. नवीन मशीन जुळवताना जादा खर्च म्हणजे दोन किटच्या किमतीतला फरक, इतकाच. चालू मशीनमधली रॅम बदलताना मात्र नव्या किटची पूर्ण किंमत, वजा जुनी विकून खरोखर हातात येणारी रक्कम. 'फक्त हजार रुपये जास्त' हे पहिल्या प्रसंगातलं वाक्य दुसऱ्या प्रसंगात वापरलं जातं, आणि तिथेच गल्लत होते.

मी स्वतः असं ठरवतो: नव्या मशीनमध्ये किटच्या किमतीच्या १० ते १५ टक्क्यांपर्यंत जादा देऊन सोयीच्या जागेवरची रॅम घ्यावी, डीडीआर५ रायझनला ६००० सीएल ३०, जुन्या रायझनला ३६०० सीएल १८ किंवा १६. त्यापुढची ७२०० आणि ८००० ची किट सोडून द्यावी. चालू मशीनमध्ये फक्त वेगासाठी रॅम बदलू नये. क्षमताही वाढवायची असेल आणि उलट्या चाचणीत दहा टक्क्यांच्या आसपास फरक दिसला असेल, तर तेव्हा वेगवान किट निवडावी.

त्याच पैशांत आणखी काय येतं तेही लिहा. विंडोज अजून फिरत्या हार्डडिस्कवर असेल तर एसएसडी आधी. गेममध्ये कार्ड अडत असेल तर ते पैसे कार्डाकडे.

## टप्पा ९: दुकानात आणि बसवताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ऑनलाइन, भाव विचारताना चार गोष्टी एकत्र सांगा: क्षमता, स्टिकची संख्या, वेग आणि सीएल. 'सोळाच्या दोन, छत्तीसशे, सीएल अठरा, किट पॅक.' सीएल सांगितला नाही तर हाताला लागेल ती मिळते. मदरबोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर चाचणी झालेल्या रॅमची यादी असते, त्यात मॉडेल क्रमांक शोधा. जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

जुन्या स्टिकच्या जोडीला नवी वेगवान स्टिक घेऊ नका. दोन्ही हळूच्या वेगाने चालतात, किंवा प्रोफाइलवर मशीन सुरूच होत नाही.

बसवताना प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. कुलरच्या खाली उंच हीटसिंकची रॅम बसते का ते आधी मोजा. खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. काही बोर्डांना एकाच टोकाला कुलूप असतं, तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं आणि मशीन सुरू होत नाही. सोनेरी पट्टी कुठेही दिसता कामा नये.

## टप्पा १०: विश्वास ठेवण्याआधी

प्रोफाइल चालू करा आणि झोपण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावा. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. सकाळी एकही एरर दिसता कामा नये. 'फक्त दोन एरर' असं काही नसतं. एक एररसुद्धा कधीतरी फाइल खराब करू शकते. एरर आली तर प्रोफाइल बंद करून पुन्हा चाचणी घ्या. तेव्हा स्वच्छ आलं तर बायोस अपडेट करून बघा किंवा वेग एक पायरी खाली आणा. तेव्हाही एरर आली तर स्टिक परत करा.

चाचणी स्वच्छ आली की कागदावरची तीन कामं शेवटची मोजा आणि टप्पा ३ मधल्या आकड्यांशेजारी लिहा. परतीची मुदत संपण्याआधी हे करा. तोपर्यंत जुनी किट विकू नका आणि नव्या किटचं पाकीट फाडून टाकू नका. फरक उलट्या चाचणीच्या अंदाजाच्या जवळपासही नसेल, तर दुकानदाराकडे तो कागदच घेऊन जा.